शेगडीमागचं मानपत्र

रेखा खटावकर यांना कोणी मावशी म्हणून हाक मारली, तर त्या आधी त्या माणसाचा चेहरा नीट निरखतात. हे आपल्या बहिणीचं पोर आहे का, ते बघितल्यासारखं. ते नसतंच. मग त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "काम काय आहे?"

ही सवय त्यांना अमेरिकेत लागली. सांगलीला त्यांना मावशी म्हणायची कोणाची टाप नव्हती. तिथे त्या खटावकर बाई. विश्रामबागेत एकोणीस वर्षं खानावळ, कॉलेजची चाळीस पोरं दोन्ही वेळा पंगतीला. फळ्यावर आजची भाजी, त्याखाली महिन्याचा दर, आणि त्याखाली 'उष्टं टाकणाऱ्याने उद्या येऊ नये', तिन्ही त्यांच्याच अक्षरात. नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा अमेरिकेची नागरिक झालेल्या मुलीने, सावनीने, कागदपत्रं करून त्यांना ग्रीन कार्डावर सॅन्टा क्लाराला आणलं आणि सांगितलं, आई, आता फक्त आराम.

त्यांनी आराम केला. अकरा दिवस. बाराव्या दिवशी फ्रीज रिकामा करून धुतला, तेराव्या दिवशी मसाल्याचा डबा लावला, आणि चौदाव्या दिवशी मुलगी-जावयाला जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या या देशात स्वयंपाकघरं एवढी मोठी आणि जेवण मात्र गरम करतात, शिजवत नाहीत. मग एवढ्या ओट्यावर करता काय, क्रिकेट खेळता?"

केदार उपासनी त्यांना भेटले ते मराठी मंडळाच्या संक्रांतीला. केदार उपासनी हे आमच्या मंडळाचं भूषण आहेत. स्मरणिकेत तसं छापलेलं आहे, आणि स्मरणिकेचा खर्च तेच करतात. एका मोठ्या कंपनीत त्यांनी नऊ वर्षं एका बटणाचा रंग आणि जागा ठरवली. मग आपण समाजाचं काही देणं लागतो असं त्यांना एका शनिवारी वाटलं, आणि त्या वाटण्यातून 'मायेचं ताट' नावाचं अ‍ॅप निघालं. आपण फोनवर बोट ठेवायचं, की ठरल्या वेळी एक बाई आपल्या दारात येणार, आपल्याच ओट्यावर पोळ्या, भाजी, आमटी करणार, ओटा पुसणार आणि जाणार. जाकिटाखाली कुडता घालून केदार हे सगळं सांगत, तेव्हा शेवटी न चुकता म्हणत, "आम्ही फूड कंपनी नाही. आम्ही माया पोचवतो."

त्या संक्रांतीला माया पोचवणाऱ्याने रेखाबाईंच्या चार गुळाच्या पोळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या आणि विचारलं, या कोणी केल्या.

आठवड्याभरात रेखाबाईंच्या फोनवर अभिनंदन आलं. आजपासून तुम्ही स्वतःच्या मालक, असं. खाली इंग्रजीत बावीस पानं, त्याखाली एक हिरवं बटण. रंग आणि जागा उत्तम होती. त्यांनी दाबलं.

मालकीणबाईंना मग घरी एक खोका आला. त्यात हिरवा एप्रन, एक पुस्तिका आणि एक स्टीलचं कडं. कडं कशाला, तर पोळी त्यात बरोबर बसली पाहिजे. कमी नको, जास्त नको. पुस्तिकेत एक्केचाळीस नियम होते. दारात उभं राहून एप्रनसकट स्वतःचा फोटो पाठवायचा, मगच घंटी वाजवायची. आत गेल्यावर 'मायेचं ताट घेऊन आले' असं हसून म्हणायचं. यजमानीणबाई चिडल्या तर चूक कोणाचीही असो, माफी आपण मागायची. कोणी आपल्याला परस्पर बोलावलं तर जायचं नाही, आणि बोलावल्याचं कंपनीला कळवायचं. दर कंपनी ठरवणार, घर कंपनी ठरवणार, घडी किती पदरांची तेही कंपनीच ठरवणार. आणि काम करणारी बाई अठ्ठावीस वर्षांची असो की अठ्ठावन्न, अ‍ॅपमध्ये तिचा हुद्दा एकच. मावशी.

"हुशार आहे हं तुमचा केदार," रेखाबाई सावनीला म्हणाल्या. "मावशीला कोणी रजा देतं का? मावशीचा हात दुखला तर कोणी दवाखाना करतं का? मावशी म्हटलं की झालं. सगळं प्रेमात."

"मग करू नकोस ना," सावनी म्हणाली.

"करणार. आराम करून मला मरायचं नाहीये."

आणि त्यांनी केलं, साडेतीन वर्षं. रोज चार घरं, कधी पाच. जावई अनीश सकाळी पहिल्या घरी सोडायचा, पुढे बस. चाळीस पोरांना जेवू घातलेल्या या बाईला त्या घरांबद्दल जे वाटायचं ते त्या लपवत नसत, फक्त घरी येऊन बोलत. एका घरात मोहरी शोधायला यजमानांना फोन लावावा लागला, यजमान त्याच घरात वरच्या मजल्यावर होते. एका घरात कुत्र्याच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर होता आणि मुलांचा नव्हता. एका घरातल्या बाईंनी कडं आणून प्रत्येक पोळी मोजली आणि नववी पोळी नखभर मोठी निघाली म्हणून फोटो काढून पाठवला. केदारचा संध्याकाळी निरोप आला: मावशी, माया मापात हवी, पुढे पिवळं हृदय.

पहिल्याच वर्षीच्या दिवाळीत पाडव्याला त्यांना ताप होता. त्यांनी सुट्टी मागितली. सणाला ताट रिकामं ठेवता येत नाही, असं उत्तर आलं. त्या गोळी घेऊन गेल्या, पाच घरं केली, आणि घरी येऊन चपला न काढता सोफ्यावर झोपल्या.

हे सगळं केदारना इतकं भावलं, की दोन वर्षांनी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी रेखाबाईंचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मानपत्र केदारनीच लिहिलं होतं आणि केदारनीच वाचलं. ते कॉलेजात असताना वक्तृत्वाची ढाल जिंकलेले आहेत, हेही स्मरणिकेत छापलेलं आहे. हायस्कूलच्या भाड्याच्या सभागृहात तीनशे माणसं, बटाटेवड्याचा वास, मागच्या रांगेत फोनवर मुलं. केदारचा आवाज खर्जात गेला, वर आला, एका ठिकाणी भरूनही आला. पाडव्याचा तापसुद्धा त्यांनी त्यात गुंफला होता. समोरच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळे टिपले. तापातल्या बाईला सुट्टी नाकारल्याची कथा ऐकून ज्यांना गहिवरून येतं, अशा लोकांमध्ये आपण राहतो, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

रेखाबाईंनी मानपत्र घरी आणलं. काच, सोनेरी चौकट, वर गणपती, खाली केदारची सही. सावनी म्हणाली, हॉलमध्ये लावू या. रेखाबाईंनी ते ओट्यावर शेगडीच्या मागे भिंतीला टेकवून उभं केलं. फोडणी उडून भाड्याच्या घराची भिंत खराब व्हायची. आता काच पुसली की झालं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात उजव्या हाताचा अंगठा बधिर झाला. आधी सकाळी, मग दिवसभर. मग एक दिवस लाटणं हातातून सुटून त्या कुत्र्याच्या तक्त्याच्या घरात जमिनीवर पडलं आणि त्यांना ते उचलता येईना. डॉक्टरांनी मनगट वाकवून बघितलं, सुया टोचून तपासणी केली आणि विचारलं, तुम्ही काम काय करता? रेखाबाईंनी सांगितल्यावर त्यांनी दिवसाला पोळ्या किती ते विचारलं, आकडा ऐकून पुन्हा विचारला, आणि म्हणाले, नस दाबली गेली आहे, कामानेच. ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हाताची पकड परत येणार नाही. रेखाबाईंचा इन्शुरन्स असा होता, की ऑपरेशनचं नाव काढताच त्याने हात वर केले. डॉक्टर म्हणाले, इन्शुरन्स कशाला? कामाने झालंय, तर खर्च कंपनीने करायचा. तसा कायदाच आहे.

दरम्यान दोन घरांना त्यांनी नाही म्हटलं होतं. पहिल्या नाहीवर पिवळं हृदय आलं. दुसऱ्या नाहीवर फोन उघडला तर आत काहीच नव्हतं. त्यांचं खातं, साडेतीन वर्षांचे निरोप, फोटो, घरांची यादी, सगळं गेलं होतं. पडद्यावर एकच ओळ: मावशी, तुम्ही आता विश्रांती घेत आहात.

त्यांनी केदारना फोन केला. केदार फार प्रेमाने बोलले. हाताची चौकशी केली, हळद लावायला सांगितली. खर्चाचं विचारल्यावर मात्र त्यांना वाईट वाटलं.

"मावशी, असं बघा. तुम्ही आमच्याकडे नोकरीला नव्हताच कधी. तुमचा स्वतंत्र व्यवसाय आहे. आम्ही फक्त ओळख करून देतो. वधूवर सूचक मंडळ असतं ना, तसं. स्थळ सुचवायचं. पुढे सासूने जाच केला, तर मंडळ जबाबदार असतं का?"

"मंडळ सुनेला सांगतं का हो, पोळी केवढी लाट म्हणून?" रेखाबाई म्हणाल्या.

मग केदार म्हणाले, "मावशी, आपण घरचे आहोत. हे घरातच ठेवू."

घरात ठेवायला सावनी आणि अनीशही तयारच होते. सावनीचं म्हणणं असं, की केदारला सगळे ओळखतात, दोघांच्याही ऑफिसात त्याचे मित्र आहेत, उद्या आम्ही कुठे तोंड दाखवायचं. आपण तिघं मिळून ऑपरेशनचं बघू, हप्ते करू. पण आई, प्लीज, कोर्टबिर्ट नको.

रेखाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताने पाणी प्यायल्या. "तुझ्या हप्त्यांनी माझा हात दुरुस्त होईल," त्या म्हणाल्या. "आणि तो केदार दुसरीच्या हातात कडं देईल. नाही बाई. हात त्याने घेतलाय, त्यानेच परत द्यायचा."

फुकट सल्ला देणारं एक केंद्र सॅन होजेत आहे, तिथली वकील मिळाली ती मराठी निघाली. इशिता. जन्म न्यू जर्सीचा, त्यामुळे मराठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतचं, वाचता अजिबात येत नाही. मोठ्यांनाही ती तू म्हणते, कारण तिच्या घरी तिला सगळे तूच म्हणत आले. रेखाबाईंना ती पहिल्या दिवशीच आवडली. ती त्यांना मावशी म्हणाली नाही, काकू म्हणाली.

इशिताने कायदा समजावला तो असा. कॅलिफोर्नियात माणूस कामगार आहे असंच धरून चालतात. नाही म्हणायचं असेल तर कंपनीने तीन गोष्टी सिद्ध करायच्या, तीनही: की ही बाई आमच्या हुकमाखाली नव्हती, हिचं काम आमच्या धंद्याबाहेरचं होतं, आणि हिचा स्वतःचा वेगळा धंदा आधीच उभा होता. गाड्या चालवणाऱ्या आणि डिलिव्हरी करणाऱ्या अ‍ॅपवाल्यांना लोकांनी मतदान करून यातून वेगळं काढलं आहे. पोळ्या लाटणाऱ्यांना कोणी वेगळं काढलेलं नाही. तेवढ्या महत्त्वाच्या त्या कोणाला वाटल्या नसाव्यात.

"म्हणजे जिंकलोच की," रेखाबाई म्हणाल्या.

"काकू, तू कामगार आहेस, मला माहितीये. पण त्यांच्याकडे पेपर आहे. तू सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट, तू स्वतः वेळ निवडलीस त्याचे रेकॉर्ड, तीन घरांची स्टेटमेंट्स. आणि ते म्हणतात, नियम नव्हते, फक्त टिप्स होत्या. तुझ्याकडे काय आहे?"

"माझ्याकडे हात आहे."

"हाताने काय झालं ते कळतं. कोणी केलं ते कळत नाही."

निरोप गेले होते, फोटो गेले होते. पुस्तिका आणि एप्रन खातं बंद झाल्यावर एक माणूस येऊन घेऊन गेला होता, आणि सावनीने सभ्यपणे हातात दिले होते. कडं तेवढं राहिलं होतं, आणि त्याच्यावर कोणाचंच नाव नव्हतं. इशिताने कपाळ चोळलं. रेखाबाईंनी तिला जेवायला बसवलं. पोळी जमत नव्हती म्हणून नुसता भात, आमटी.

जेवता जेवता इशिताने शेगडीकडे बघून विचारलं, ते काय आहे.

"फोडणी उडते म्हणून ठेवलंय."

"नाही, लिहिलंय काय त्यात?"

"कौतुक."

"वाच ना."

रेखाबाईंनी चष्मा लावून हळदीच्या ठिपक्यांमधून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला इशिताचा घास हातातच राहिला. तिने प्रत्येक वाक्य तिला कळेल अशा मराठीत सांगायला लावलं, मग पुन्हा एकदा, मग तिसऱ्यांदा फोनवर आवाज नोंदवून. रेखाबाई चौकट उचलून पुसायला गेल्या, तर ती जवळजवळ धावलीच.

"पुसू नकोस. असंच आण."

सुनावणी मार्चमध्ये झाली. कोर्ट म्हणजे सरकारी इमारतीतली एक खोली, झेंडा, ट्यूबलाइट आणि टेबलावर बिन-बर्फाचं पाणी. न्यायाधीश एक शांत बाई होत्या. दुभाषे म्हणून गुरुनाथ सामंत, निवृत्त इंजिनिअर, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. केदार कुडत्यावाचून नुसत्या जाकिटात आले होते, त्यांच्या शेजारी त्यांचे गोरे, उंच वकील. सावनी मागच्या बाकावर बसली, आईच्या बाजूची की केदारच्या बाजूची हे कळू नये अशा मधल्या जागी.

वकिलाने रेखाबाईंना आधी सोपे प्रश्न विचारले. वेळ तुम्ही निवडायचा ना? हो, त्यांनी दिलेल्यातून. घर नाकारता यायचं ना? हो, एकदा. दुसऱ्यांदा नाकारलं की आपण विश्रांती घेत असतो. मग त्यांनी हसून विचारलं, भारतात तुमचा खाण्याचा व्यवसाय होता, खरं ना? एकोणीस वर्षं? म्हणजे तुम्ही मुळातच व्यावसायिक आहात.

इशिताची मान ताठ झाली. हाच तो तिसरा मुद्दा, स्वतःचा धंदा.

"होता की," रेखाबाई म्हणाल्या आणि गुरुनाथांना म्हणाल्या, सावकाश सांगते, सगळं सांगा. "माझी खानावळ होती. दर मी ठरवायची. भाजी मी ठरवायची. एकदा एका पोराने ताट फेकलं, त्याचे वडील मोठे साहेब होते. मी त्या पोराला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि वडील आले तर त्यांनाही काढलं. गिऱ्हाइकाला हाकलता येतं, त्याला धंदा म्हणतात. इथे ताट फेकलं तर मी सॉरी म्हणायचं असं पुस्तकात लिहिलं होतं. मी मालक होते, साहेब. मालक असणं काय असतं ते मला माहितीये. म्हणून तर म्हणते, इथे नव्हते."

गुरुनाथांनी सगळं सांगितलं. न्यायाधीश बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मग केदार. ते छान बोलले. वधूवर मंडळाचा दाखला त्यांनी इंग्रजीतही दिला, न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. नियम नव्हते, सूचना होत्या. कडं ही भेटवस्तू होती. इशिताने चौकट पुढे ठेवली. वकिलाने हात झटकला. कागद त्यांनी आधीच बघितला होता. ही समारंभाची भाषा आहे, म्हणाले, कविता आहे. केदारही म्हणाले, हो, असं मंडळाच्या समितीतलं कोणीतरी लिहितं, साचा असतो, नाव बदलायचं. कोणी लिहिलं ते आता आठवत नाही.

न्यायाधीश बाईंनी गुरुनाथांना ते भाषांतर करून वाचायला सांगितलं.

गुरुनाथांनी घसा साफ केला. काचेवरचा एक डाग त्यांनी चष्म्यावरचा समजून चष्मा पुसला. मग एखादं वॉशिंग मशीन कसं चालवायचं ते वाचावं तसं वाचू लागले. आपण नेमून दिलेल्या स्वयंपाकघरी, नेमून दिलेल्या वेळी, एकही खाडा न करता हजर राहिलात. संस्थेने घालून दिलेल्या मापाची पोळी आपण सहस्रावधी वेळा लाटलीत, त्यात कधी नखभर फरक पडू दिला नाहीत. यजमानांचा राग आपण आमच्या शिकवणीप्रमाणे हसून झेललात. खर्जात वाचलेलं, भरून आलेल्या आवाजात वाचलेलं ते सगळं गुरुनाथांच्या इंग्रजीत चपटं होऊन पडत होतं. केदारचा चेहरा बारीक बारीक होत गेला, आणि तो भीतीने नव्हे. आपल्या पुरणपोळीवर कोणी केचप ओतताना बघावं तसा.

शेवटाकडे आल्यावर गुरुनाथ थबकले. त्यांनी ओळीवर नजर टाकली, कानशिलं लाल झाली, आणि ते सरळ शेवटच्या शुभेच्छांवर गेले. वाचून झालं म्हणाले.

इशिता बोलायला उठू लागली. रेखाबाईंनी तिच्या बाहीला हात लावला आणि अगदी हळू म्हणाल्या, "एक वाक्य राहिलंय. तू बोलू नकोस. तो बोलेल."

"कोण?"

"ज्याचं आहे तो."

न्यायाधीश बाई पुढचा कागद उचलत होत्या. केदारनी एकदा गुरुनाथांकडे बघितलं, एकदा चौकटीकडे. त्यांच्या वकिलाने त्यांच्याकडे बघितलं. आणि मग ते न राहवून म्हणाले, मराठीतच, "एक वाक्य गाळलंत तुम्ही."

गुरुनाथ म्हणाले, "सारांश सांगितला."

"त्याचा सारांश होत नाही हो. सगळ्या मानपत्राचा कळस आहे तो." आणि चौकटीकडे न बघता, डोळे किंचित मिटून, ढाल जिंकलेल्या आवाजात केदार उपासनींनी ते वाक्य म्हणून दाखवलं. "दीपावलीच्या पाडव्यास आपण ज्वराने फणफणला असता आम्ही रजा नाकारली, तरी आपण सस्मित वदने एप्रन बांधून आमची आज्ञा शिरोधार्य मानलीत, असा सेवक लाभणे, हे स्वामीचे परमभाग्य होय."

कुठेही अडखळले नाहीत. स्वल्पविरामसुद्धा ऐकू आले.

त्यांच्या वकिलाला मराठी येत नव्हतं, पण आपला अशील एक कागद न बघता पाठ म्हणतो आहे एवढं कळायला भाषा लागत नाही. त्याने पेन खाली ठेवलं. न्यायाधीश बाई गुरुनाथांना म्हणाल्या, हे आता शब्दशः सांगा, काही न गाळता. गुरुनाथांनी सांगितलं. ताप, रजा, नकार, हुकूम, नोकर, मालक. सपाट आवाजात, एकेक.

इशिताने एकच प्रश्न विचारला. "मिस्टर उपासनी, साचा असतो म्हणालात. हे तुम्हाला पाठ कसं?"

केदारनी वकिलाकडे बघितलं. वकील झेंड्याकडे बघत होता.

"दोन रात्री बसून लिहिलं होतं," केदार म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा त्यांच्या चेहऱ्यावर अपेक्षा होती, की कोणीतरी छान लिहिलंय म्हणेल.

मागच्या बाकावर सावनी उठली आणि मधल्या जागेवरून आईच्या बाजूला येऊन बसली. उशीर केला होता, पण आली.

निकाल टपालाने आला, पाच आठवड्यांनी. रेखा खटावकर या कंपनीच्या कामगार होत्या. दुखापत कामामुळे झाली. उपचार कंपनीने करायचे. ऑपरेशन जूनमध्ये झालं. आमच्या मंडळाने रेखाबाईंना त्या वर्षीच्या गणपतीचं आमंत्रण पाठवलं नाही, आणि पाठवायचं नाही हे कोणी ठरवलं ते समितीतल्या कोणालाच आठवत नाही. साचा असेल.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी दारावर घंटी वाजली. सावनी शेगडीपाशी होती, रेखाबाई उजवा हात पट्ट्यात घालून खुर्चीवर बसून तिच्या भाजीला नावं ठेवत होत्या. दारात केदार, हातात पेढ्यांचा खोका.

"मावशी, कशा आहात?"

रेखाबाईंनी त्यांचा चेहरा नीट निरखला. "काम काय आहे?"

काम असं होतं, की अ‍ॅपवरच्या आणखी सात जणींनी इशितामार्फत अर्ज केले होते, आणि सातही अर्जांना त्या मानपत्राची प्रत जोडली होती. प्रतींचं काही नाही, केदार म्हणाले, पण मूळ चौकट... ती आता कोर्टातून तुमच्याकडे परत आली असेल. ती मिळाली तर. एक आठवण म्हणून. नाहीतरी तुम्हाला तिचं काही विशेष नव्हतं, असं ऐकलं.

"दिलेलं मानपत्र परत मागतात होय?"

"तसं नाही, मावशी. आपण घरचे..."

"घरचा असतास तर ताप आलेल्या बाईला झोप म्हणाला असतास," रेखाबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. सांगलीत त्या असाच आवाज ताट फेकणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवत. "आणि मला विशेष आहे हो त्याचं. रोज लागतं."

त्यांनी पट्ट्यातल्या हाताची दोन बोटं हलवून ओट्याकडे दाखवलं. बोटं हलत होती, हळू, पण हलत होती. शेगडीमागे सोनेरी चौकट उभी होती. सावनीने नेमकी तेव्हाच तापलेल्या तेलात ओला कढीपत्ता टाकला. तेल चरचरत उडालं आणि गणपतीच्या खाली, केदारच्या सहीवर, पसरलं.

"झाकण ठेवत जा गं," रेखाबाई सावनीला म्हणाल्या. मग केदारकडे वळून, "पेढे तिथे ठेवा आणि दार ओढून घ्या."